बाहेरच्या दिव्याची मान खाली करा

रात्री गच्चीवर जाऊन एकदा आपल्याच घराकडे पाहा. दारावरचा एलईडी फ्लडलाइट वाट उजळायची सोडून समोरच्यांच्या बेडरूममध्ये आणि थेट आभाळात उजेड ओततोय का? आमचा ओतत होताच. ब्रॅकेटचा स्क्रू सैल करून त्याचं तोंड जमिनीकडे वळवलं, १० मिनिटांचं काम. पायऱ्या उलट जास्त स्पष्ट दिसायला लागल्या, कारण डोळ्यांवर तिरीप येईना.

बल्ब घेताना खोक्यावरचा केल्विनचा आकडा वाचा, तो उजेडाचा रंग सांगतो. ६५०० केल्विन म्हणजे पांढराफट्ट, निळसर उजेड. झोप आणणारं मेलाटोनिन त्यानं दबतं, आणि किडेही त्यावर जास्त जमतात. बाहेर २७०० केल्विन किंवा त्याहून कमी, पिवळसरच लावा. मोशन सेन्सर बसवला तर माणूस आल्यावरच दिवा लागतो. (चोर उजेडाला भितो म्हणतात, पण डोळे दिपवणाऱ्या दिव्याआडचा काळोख त्याच्याच सोयीचा.)

कोकणात किनाऱ्यालगत घर असेल तर हे जास्तच मनावर घ्या. वेळासला अंड्यातून निघालेली ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्रावरच्या उजळ क्षितिजाकडे चालतात. मागे दिवे दिसले की तिकडेच वळतात.

आणि पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलात, तर गाडीचे हेडलाइट आणि मोबाइलचा टॉर्च बंद ठेवा. ते लुकलुकणं जोडीदाराला घातलेली साद असते. आपल्या उजेडात ती त्याला दिसतच नाही.