ओढणे आणि ढकलणे शिकवणारी काडेपेटीची गाडी

पाच-सहा वर्षांच्या मुलांना बल व्याख्येतून नव्हे, तर हातातून समजते. रिकाम्या काडेपेटीखाली शीतपेयाच्या नळीचे २ तुकडे चिकटवावेत, त्यांतून खराट्याच्या काड्या ओवाव्यात आणि टोकांना बाटल्यांची एकसारखी झाकणे घट्ट बसवावीत; झाकणांना छिद्रे मात्र मोठ्यांनीच पाडावीत. काडी नळीत सैल फिरली पाहिजे. मग पुढे दोरा बांधून मुलाला गाडी ओढू द्यावी आणि नंतर त्याच दोऱ्याने ती ढकलायला सांगावे. दोरा लुळा पडतो, गाडी जागची हलत नाही, मूल थबकते. या क्षणी उत्तर सांगण्याची घाई मुळीच करू नये. दोऱ्याऐवजी ताठ काडी पक्की चिकटवली की दोन्ही साधते. शेवटी पेटीत चिंचोके भरून किती जोर लागतो, ते मुलालाच विचारावे.