डॉक्टरांना चक्रावून टाकणाऱ्या आजींचा शोध कसा घ्यावा

‘मुंबईच्या ६२ वर्षीय आजींची ही युक्ती पाहून डॉक्टरही चक्रावले!’ असा मजकूर आणि शेजारी उभे चिरलेले केळे, अशी जाहिरात बातमीच्या तळाशी दिसली, तर तिच्यावर बोट न टेकवता आत काय दडले आहे हे घरबसल्या ताडता येते.

प्रथम आजींचे गाव तपासावे. मी ही जाहिरात साताऱ्यात वाचली, तरी आजी मुंबईच्याच होत्या. कारण अशा जाहिराती आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, गावाचे नाव आपोआप भरतात आणि मोबाइल इंटरनेटचा पत्ता पुष्कळदा दूरच्या मोठ्या शहराचा निघतो. आपले ठिकाण दुसरेच भासवणाऱ्या व्हीपीएनवरून सिंगापूर निवडले, तर त्याच आजी त्याच नऊवारीत सिंगापूरकर होतात.

यानंतर डॉक्टरांचा विचार करावा आणि येथे मुळीच घाई करू नये. हे डॉक्टर नेमके किती, ते कोठे जमले होते आणि आजींचे केळे त्यांच्यापुढे कोणी नेऊन ठेवले, हे प्रश्न कागदावर लिहून काढावेत. आमच्या आळीतील डॉक्टर दुपारी दोनपर्यंत रुग्ण तपासत असतात; त्यांना चक्रावायला सवड कधी मिळते, हे मला अद्याप उमगलेले नाही. युक्ती खरी असती, तर प्रत्येकाच्या हाती एकेक केळे देऊन ते गरम जेवणाला वेळेवर घरी पोहोचले असते.

चित्रावरून मात्र तर्क बांधू नये. एकाच मजकुराला निरनिराळी चित्रे जोडून पाहतात आणि ज्यावर लोक अधिक वेळा बोट ठेवतात तेच टिकवतात. तेव्हा केळ्यावरून एवढेच सिद्ध होते की त्याने बहुधा लसणाला हरवले असावे.

आतल्या मजकुराचा अंदाज बांधण्यासाठी जुना दाखला पुरतो. ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०११ मध्ये वजन घटवण्याच्या नावाखाली असाई बेरी या फळाच्या गोळ्या विकणाऱ्या बनावट बातमी-संकेतस्थळांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, तेव्हा बातमीचा मुखवटा, वार्ताहराचा तथाकथित स्वानुभव आणि त्यामागे विक्रीचे पान, अशी मांडणी उघड झाली होती. आपल्याकडे मधुमेह किंवा लठ्ठपणा बरा करणाऱ्या औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या जादुई उपायविषयक कायद्याने बंदी आहे. आजी ‘औषध’ न म्हणता ‘युक्ती’ का म्हणतात, याचे उत्तर मला तरी त्यातच दिसते.

घरातील कोणी पान आधीच उघडून बसले असेल, तर ‘सवलतीची फक्त १० मिनिटे शिल्लक’ असे सांगणारे घड्याळ शोधावे आणि पान बंद करून पुन्हा उघडावे. घड्याळ पुन्हा दहावरून सुरू झाल्यास आपला तर्क बरोबर आहे असे समजावे. आमच्या काकांची ती दहा मिनिटे गेल्या दिवाळीपासून चालू आहेत.