तोंडाच्या कर्करोगाची लक्षणे घरी कशी ओळखावीत

शरीरातील पेशी ठरावीक मर्यादेत वाढतात आणि जुन्या झाल्या की मरतात. हा क्रम बिघडून काही पेशी अनिर्बंध वाढू लागल्या व आसपासच्या भागांत शिरू लागल्या, तर त्या विकाराला कर्करोग म्हणतात. आपल्याकडे तोंडात हा बिघाड बहुतेक वेळा तंबाखूमुळे होतो, मग तो चुन्याबरोबर मळलेला असो, विदर्भातल्या खर्र्यातला असो वा दातांना लावायच्या मिश्रीतला. (मिश्रीला व्यसन न मानणारी घरे अजूनही आहेत.) नुसती सुपारीदेखील निर्धोक नाही.

सुरुवातीला हा रोग बहुधा दुखत नाही, त्यामुळे दुखेपर्यंत थांबण्यात मोलाचा वेळ जातो. तंबाखू वा सुपारी खाणाऱ्याने महिन्यातून एकदा तरी चूळ भरून, कवळी असल्यास ती काढून, भरपूर उजेडात आरशासमोर उभे राहावे. ओठ उलटून हिरड्या पाहाव्यात. गाल बोटाने बाहेर ओढून, विशेषतः तंबाखूची गोळी जिथे धरली जाते ती जागा, नीट न्याहाळावी. मग जिभेच्या दोन्ही कडा आणि जीभ टाळूला लावून तिच्याखालचा भाग पाहावा. शेवटी जबड्याखाली व मानेवर बोटे फिरवून गाठ लागते का, हे तपासावे.

पुसूनही न जाणारा पांढरा चट्टा, त्याहून अधिक काळजीचा लाल चट्टा, विनाकारण हलणारा दात किंवा गिळताना होणारा त्रास दुर्लक्षू नये. एरवी तोंड येते तेव्हा फोड दुखतात आणि बहुधा दोन आठवड्यांत बरे होतात; 3 आठवड्यांनंतरही न भरलेली जखम मात्र दाखवलीच पाहिजे. तिखट सोसत नसेल आणि स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये मावत नसतील, तर सुपारीमुळे गालाचे आतले अस्तर ताठर झाले असण्याची शक्यता असते. तो कर्करोग नव्हे, पण त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो.

यातले काहीही आढळल्यास दंतवैद्याकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. पक्के निदान बायोप्सीनेच, म्हणजे संशयित जागेचा छोटा तुकडा काढून तपासूनच होते, आणि तुकडा काढल्याने रोग पसरतो या समजुतीपायी ती टाळणे घातक ठरते. अहवालात कर्करोग नसला तरी चट्टा कायम असेल, तर डॉक्टर सांगतील त्या अंतराने तो पुन्हा दाखवत राहावा.