इसार देण्याआधी: सातबारावरचे शब्द आणि एजंटच्या तोंडचे शब्द

जमिनीच्या व्यवहारात दोन भाषा चालतात. एक एजंटच्या तोंडची: 'दोन एकर आहे, टायटल क्लिअर, रोडटच, एनए (म्हणजे बिनशेती) होऊन जाईल.' दुसरी कागदावरची: भोगवटादार, पोटखराबा, सामाईक क्षेत्र, इतर हक्क, बोजा. पैसे पहिल्या भाषेवर दिले जातात आणि पुढे दावा चालतो तो दुसऱ्या भाषेवर. तेव्हा तयारी साधी ठेवा. समोरच्याने उच्चारलेला प्रत्येक शब्द वहीत लिहा आणि त्याच्यासमोर तो कोणत्या कागदावर दिसतो ते लिहा. ज्या शब्दासमोर कागद येत नाही, त्याचे पैसे द्यायचे नाहीत.

सुरुवात मापाने करा, कारण सौदा गुंठ्यात होतो आणि सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. एक गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, 1089 चौरस फूट. 40 गुंठ्यांचा एकर, म्हणजे 43,560 चौरस फूट. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर आणि 100 आरचा हेक्टर. गुंठा 101.17 चौरस मीटरचा, म्हणजे आरपेक्षा जरासा मोठा. ढोबळ हिशेबाला दोन्ही सारखे धरले तरी चालतात, खरेदीखतात चालत नाहीत. प्लॉटच्या धंद्यात काही ठिकाणी 1000 चौरस फुटांनाच गुंठा म्हणतात, रस्त्यात गेलेली जागा वजा केली असे सांगून. दर गुंठ्याचा आहे की फुटाचा, हे पहिल्याच बैठकीत विचारा.

आता कागद गोळा करा. चालू सातबारा, विक्रेत्याचा आठ-अ, सातबारावर ज्यांचे क्रमांक दिसतात ते सगळे फेरफार, आणि मिळतील तितके जुने हस्तलिखित सातबारे. संकेतस्थळावर फुकट दिसणारा सातबारा माहितीपुरता असतो. व्यवहारासाठी 15 रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा काढा, तोही या आठवड्यातला. विक्रेत्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून दाखवलेली झेरॉक्स बघायला ठीक. सातबारा म्हणजे गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12 यांची जोडी: सातमध्ये हक्क, बारामध्ये पिके. आठ-अमध्ये त्या खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन एकत्र दिसते. फेरफार हा गाव नमुना 6. कोणाचे नाव कधी आणि कशाच्या आधारे लागले किंवा उडाले, याची हकिगत तिथे असते. सातबारा ही आजची स्थिती, फेरफार हा तिचा इतिहास, आणि भानगडी इतिहासातच असतात.

जुन्या फेरफारात सर्व्हे नंबर आणि आजच्या उताऱ्यावर गट नंबर दिसला तर गोंधळू नका. जमिनीचे विखुरलेले तुकडे एकत्र करण्याच्या एकत्रीकरण योजनेत अनेक गावांना गट नंबर मिळाले. कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला, हे भूमी अभिलेख कार्यालयातल्या 9(3), 9(4) च्या उताऱ्यावरून जुळवायचे. कोकणात बऱ्याच गावांत आजही सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरच चालतो. गावठाणात आणि शहरात सिटी सर्व्हे झाला असेल तर सातबाराऐवजी मालमत्ता पत्रक मागायचे. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा नमुना 8 दाखवून कोणी मालकी सांगत असेल, तर तो कराचा कागद आहे एवढेच लक्षात घ्या.

सातबारा वाचताना सगळ्यात वर, डाव्या बाजूला 'भूधारणा पद्धती' लिहिलेली असते. भोगवटादार वर्ग 1 असेल तर विकायला सहसा सरकारी परवानगी लागत नाही. वर्ग 2 असेल तर थांबा. ही जमीन सरकारने दिलेली, सिलिंगमधून (कमाल जमीन धारणेच्या कायद्यातून) वाटलेली, वतनाची किंवा कुळकायद्याखाली मिळालेली असू शकते. जुन्या उताऱ्यांवर 'नवीन अविभाज्य शर्त' किंवा 'नियंत्रित सत्ता प्रकार' असे शब्द दिसतात, तेही याच घरातले. सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि लागू असेल तो नजराणा, म्हणजे सरकारला भरायची रक्कम, यांशिवाय झालेली खरेदी शर्तभंग ठरते आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. कुळकायद्यातल्या कलम 43 च्या जमिनींना थोडी वाट आहे: 32-म प्रमाणपत्राला (कुळाला मालकी मिळाल्याच्या दाखल्याला) 10 वर्षे झाली असतील तर आकारणीच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, 40 पट नजराणा भरून विक्री करता येते. तो भरल्याची पावती आणि 'कलम 43 च्या बंधनास पात्र' हा शेरा उडाल्याचा फेरफार, दोन्ही हातात घ्या. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीने घ्यायची तर जमीन महसूल अधिनियमाचे कलम 36 आणि 36-अ आडवे येते. 'परवानगी नंतर काढू' या आश्वासनाला तिथे काडीची किंमत नाही. देवस्थान इनामाच्या, म्हणजे देवळासाठी दिलेल्या जमिनीच्या, वाटेला जाऊच नका.

त्याखाली क्षेत्र. समजा, लागवडीलायक 0.81.00 आणि पोटखराबा 0.06.00 आहे. एकूण 87 आर, म्हणजे साधारण 86 गुंठे, पण कसायला दोन एकरच. पोटखराबा दोन प्रकारचा. वर्ग 'अ' म्हणजे खडक, नाला अशी शेतीला निरुपयोगी जागा. वर्ग 'ब' म्हणजे रस्ता, पाण्याची वाट अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली. 'ब' च्या जागेचे पैसे मोजणे म्हणजे गावाचा रस्ता विकत घेणे.

नावांच्या रकान्यात कंसातली किंवा रेघ मारलेली नावे म्हणजे फेरफाराने कमी झालेली माणसे. ती का कमी झाली हे बघायलाच फेरफार काढायचे. 'ए.कु.मॅ.' दिसले तर ती व्यक्ती एकत्र कुटुंबाची मॅनेजर म्हणून लागलेली आहे, एकट्याची मालक म्हणून नव्हे. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अल्पवयीन मुलाच्या वतीने लागलेला पालक. त्या अज्ञान मुलाच्या स्वतंत्र मालकीची जमीन विकायला न्यायालयाची परवानगी लागते. आणि सर्वांत जास्त घोळ होतो तो बहिणींवरून. वारसाच्या फेरफारात फक्त भावांचीच नावे लागली असतील, तर बहिणी आहेत का, त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिले आहे का, हे गावात विचारा. 'तिने तोंडी सोडलंय' हे वाक्य खरेदीनंतर दहा वर्षांनी समन्स घेऊन येते.

'सामाईक क्षेत्र' हा शब्द दिसला तर दाखवलेला रस्त्याकडेचा कोपरा विसरा. चार भावांच्या सामाईक सातबारावर एका भावाकडून खरेदी केली तर तुम्हाला मिळतो अविभक्त हिस्सा; कोपरा कोणाचा, हे वाटप झाल्यावर ठरते. एकतर सगळ्यांना सहीला बसवा, नाहीतर आधी तहसीलदारांकडून जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 प्रमाणे वाटप आणि पोटहिस्सा मोजणी करून घ्यायला सांगा. जुन्या उताऱ्यावरची 'आणेवारी' म्हणजे याच हिश्शाचे प्रमाण. दुष्काळात ऐकू येणारी पिकांची आणेवारी वेगळी.

'इतर हक्क' हा रकाना उजवीकडे असतो आणि घाईत तोच सुटतो. विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतला हिस्सा, भूसंपादनाची किंवा पुनर्वसनासाठी हस्तांतरण बंदीची नोंद, न्यायालयाचा मनाई हुकूम, हे सगळे तिथे सापडते. कर्ज फेडल्याचा दाखला पुरत नाही, बोजा कमी केल्याचा फेरफार मंजूर झालेला पाहा.

घेणारे तुम्ही शेतकरी आहात का, हेही तयारीतच येते. कुळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. राज्यात कुठेही स्वतःच्या नावे असलेला सातबारा किंवा आठ-अ सोबत ठेवा. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा. 2023 मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायत 20 गुंठे आणि बागायत 10 गुंठे ठरले. त्याहून लहान तुकडा पाडून विकायला बंदी आहे, मात्र शहरी हद्दीसाठी नियम बदलत राहतात, म्हणून आपल्या गावचा नियम दुय्यम निबंधकांकडे, म्हणजे दस्त नोंदणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, विचारून घ्या. यावर पळवाट म्हणून दहा जण मिळून 20 गुंठे घेतात आणि आपापसात चुना टाकून दोन-दोन गुंठे वाटतात. सातबारा सामाईकच राहतो, बँक कर्ज देत नाही, आणि एकाला विकायचे झाले की उरलेल्या नऊ जणांच्या दारात उभे राहावे लागते.

'एनए प्लॉट' हा शब्द सर्वाधिक ताणला जातो. जमीन पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे रहिवास विभागात असणे वेगळे आणि बिनशेती होणे वेगळे. झोन दाखला पहिल्याचा पुरावा. दुसऱ्याला आदेश किंवा सनद, रूपांतरण कराची पावती आणि मंजूर रेखांकन (प्लॉट पाडल्याचा नकाशा, ले-आउट) लागते. रेखांकन तात्पुरते मंजूर आहे की अंतिम, हे शिक्क्यावर वाचा. मग विचारा, कजाप झाले का? कजाप म्हणजे कमी-जास्त पत्रक. ते झाल्यावरच प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र सातबारा निघतो. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 42-ड ची सोय आहे, पण तिथे आज काय भरावे लागते ते तहसीलदारांकडे विचारून घ्या.

'रोडटच' हे जागेवर जाऊन आणि गाव नकाशा उघडून, दोन्हीकडून तपासा. नकाशावर रस्ता नसेल आणि जाणे-येणे शेजाऱ्याच्या बांधावरून असेल, तर तो वहिवाटीचा रस्ता. तो विक्रेत्याच्या खरेदीखतात लिहिलेला आहे का ते पाहा, तुमच्यातही लिहून घ्या. मुळात रस्ताच नसेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे बांधावरून मागता येतो, पण त्यात वर्षे जातात. मोजणी मात्र व्यवहाराआधीच हवी. हद्द कायम मोजणीचा अर्ज विक्रेत्याकडून करवून घ्या आणि शेजाऱ्यांना नोटिसा गेल्या की मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. मोजणीनंतरची 'क' प्रत घ्या. तारेचे कुंपण ही हद्द नव्हे.

यानंतर वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे त्या जमिनीच्या जुन्या दस्तांचा शोध, घ्या. तो दुय्यम निबंधकांकडच्या सूची 2 वरून, म्हणजे इंडेक्स टू वरून तयार होतो. स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, हरकतींची मुदत संपू द्या, मग रक्कम.

इसारपावतीत गट नंबर, चतुःसीमा, दर, मुदत आणि व्यवहार फिसकटला तर इसार परत मिळण्याची अट असावी. 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख देऊ नका. साठेखत हा विकण्याचा करार असतो, मालकी खरेदीखतानेच येते. कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अटर्नीवर) मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. मुखत्यार सही करणार असेल तर पत्र नोंदणीकृत हवे आणि लिहून देणारा त्या दिवशी हयात हवा, कारण त्याच्या मृत्यूबरोबर साधारणपणे अधिकार संपतो. मुद्रांक शुल्क रेडी रेकनरचा (सरकारी दरपत्रकाचा) दर आणि ठरलेली किंमत यांतल्या जास्त रकमेवर लागते. रेकनरचे दर साधारणतः 1 एप्रिलला बदलतात, म्हणून मार्चअखेर कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते.

फ्लॅट घेत असाल तर वरचा बराच भाग बिल्डरच्या जमिनीला लागू आहे. तुमच्या बाजूने दोन शब्द पक्के करा. कारपेट म्हणजे आतल्या भिंतींसह वापरण्याजोगे क्षेत्र. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची त्यात धरत नाहीत. 'बिल्टअप' आणि 'सुपर बिल्टअप' चे आकडे ऐकून सोडून द्या. आणि नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

खरेदीखत नोंदले की घरी बसू नका. सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करायचा असतो, ते झाले असेलच. पुढे फेरफाराची नोंद धरली जाते, संबंधितांना नोटीस निघते, 15 दिवस हरकतीला मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पाटी बघून गोंधळू नका. पंधरा दिवसांनी नोंदीची स्थिती ऑनलाइन पाहा. 'विवादग्रस्त' दिसले तर हरकतीची प्रत त्याच दिवशी मागा. नोंद मंजूर झाली की नवा सातबारा काढून नावाचे स्पेलिंग, क्षेत्र आणि खाते क्रमांक खरेदीखताशी ताडून घ्या. चूक असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज लगेच द्या.