डिजिटल एक्स-रे : इमेज सुंदर, डोस दुप्पट? या चुका टाळा

फिल्मच्या काळात एक्सपोजर जास्त झालं की फिल्म काळीकुट्ट यायची आणि चूक लपायची नाही. सीआर-डीआर या डिजिटल पद्धतींमध्ये एमएएस (किरणांचं प्रमाण ठरवणारी सेटिंग) दुप्पट झाला तरी सॉफ्टवेअर सावरून घेतं. इमेज उलट जास्तच स्वच्छ दिसते. कमी पडला तर मात्र ती दाणेदार होते आणि डॉक्टरांचा फोन येतो. मग 'थोडं वाढवूनच ठेवू' सुरू होतं. पुढची शिफ्ट तोच आकडा धरते, डोस चढत जातो आणि तक्रार कुणाचीच येत नाही.

म्हणून नुसत्या स्क्रीनवर विसंबू नका, डेव्हिएशन इंडेक्स (एक्सपोजर लक्ष्यापासून किती सरकलं ते सांगणारा आकडा) बघा. शून्य म्हणजे ठरवलेल्या लक्ष्याइतकं एक्सपोजर, +३ म्हणजे दुप्पट, −३ म्हणजे निम्मं. छातीच्या पीएला (किरण पाठीकडून पुढे जाणारा एक्स-रे) सारखा +३ येतोय? एईसीचा (पुरेसे किरण मिळताच एक्सपोजर आपोआप थांबवणारी यंत्रणा) मधला चेंबर, म्हणजे किरण मोजणारा सेन्सर, चालू राहिलाय का, ते आधी तपासा. तो मणका आणि हृदयाच्या सावलीत येतो, त्यामुळे एक्सपोजर उशिरा तुटतं. बाजूचे दोन चेंबर घ्या. −३ दिसला म्हणून लगेच रिपीट मारणं हीसुद्धा चूकच. झूम करून हृदयामागचा भाग बघा. निदानापुरतं दिसत असेल तर पेशंटला सोडा.

हा आकडा डिटेक्टरचा आहे, पेशंटच्या डोसचा नाही. जाड आणि बारीक पेशंटचा इंडेक्स सारखा आला तरी जाड पेशंटच्या त्वचेवर कितीतरी जास्त डोस पडलेला असतो. त्यासाठी डीएपीची (डोस गुणिले किरण पडलेलं क्षेत्रफळ) नोंद ठेवा. शिवाय इम्प्लांट मध्ये आलं किंवा सॉफ्टवेअरला कॉलिमेशनची (किरणांचं क्षेत्र आवळण्याची) कड ओळखता आली नाही, तर इंडेक्सही फसवतो.

सगळ्यात चीड आणणारी सवय म्हणजे फील्ड (किरण पडणारा भाग) मोठं ठेवायचं आणि नंतर स्क्रीनवर क्रॉप करायचं. बाळाच्या छातीच्या एक्स-रेत हनुवटीपासून ओटीपोटापर्यंत सगळं येतं, आणि रेडिओलॉजिस्टला मात्र नीटनेटकी छाती दिसते. क्रॉपने डोस परत येत नाही. मोठ्या फील्डने स्कॅटर (विखुरलेले किरण) वाढून कॉन्ट्रास्ट जातो तो वेगळाच. तान्ह्या बाळाला ग्रिडही (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) लावू नका, विनाकारण एमएएस वाढवावा लागतो.

इमेजचा मधला पट्टा ठीक आणि दोन्ही कडा फिक्या आल्या, तर एमएएस वाढवू नका. फोकस्ड ग्रिड (जिच्या पट्ट्या ट्यूबच्या दिशेने झुकलेल्या असतात) बहुधा उलटी बसलीय.

आणि क्यूए (मशीनची गुणवत्ता तपासणी) पास झालं म्हणजे मशीन ठीक आहे, एवढंच. भिंतीवरचा एक्सपोजर चार्ट कोणत्या डिटेक्टरसाठी लिहिलाय, ते एकदा बघा. कॅसेटच्या जमान्यातला असेल तर आजच काढा.