सहाव्या-सातव्यात कळा आल्या तर

“सातव्यातलं पोर जगतं, आठव्यातलं नाही,” असं जांबोटीकडच्या म्हाताऱ्या बायका अजून सांगतात. खानापूर तालुक्यात नर्स म्हणून नोकरी केलेली मी बाई, ठामपणे सांगते, असं काही नसतं. पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाच्या कामी येतो. २८ आठवड्यांच्या आतल्या बाळाची फुप्फुसं फार कच्ची असतात, जन्मल्या जन्मल्या श्वासाला मशीन लागू शकतं. म्हणून बाळ पोटात असतानाच आईला मोठ्या दवाखान्यात पोचवायचं.

पोट थांबून थांबून दगडासारखं होणं, कंबर धरणं, ओटीपोटात दाब येणं, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणं, यातलं काहीही झालं की ओव्याचं पाणी देत बसू नका. पाणी गेलं असेल तर स्वच्छ पॅड लावा आणि वेळ व रंग लक्षात ठेवा. १०८ ला फोन करा. “नवरा गोव्याहून येऊ दे, मग निघू” हे तर अजिबात नको. पावसाळ्यात त्या रस्त्याला किती वेळ लागतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

जवळच्या सरकारी दवाखान्यात एक गोष्ट नक्की विचारा: “डेक्साचा पहिला डोस इथेच देता का?” डेक्सामेथासोन, ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, एकूण ४ इंजेक्शनं. २४ ते ३४ आठवड्यांत बाळंतपण लवकर होणार असं दिसलं, तर बाळाच्या फुप्फुसांसाठी ते देतात. आईला ताप किंवा जंतुसंसर्ग आहे का, ते डॉक्टर आधी बघतात. पुरता गुण यायला साधारण एक दिवस लागतो, म्हणून तर एवढी घाई. दिलेली वेळ चिठ्ठीवर लिहून घ्या, पुढचा डोस त्यावरूनच ठरतो. कळा थांबवायच्या गोळ्या देतात त्याही हा वेळ मिळावा म्हणूनच. ३२ आठवड्यांच्या आत बाळंतपण अगदी जवळ आलं, तर बाळाच्या मेंदूसाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात. त्याने अंग तापल्यासारखं वाटतं, घाबरू नका.

बेळगावला पाठवताना डॉक्टरांनाच फोन करायला सांगा: एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, जागा आहे का, व्हेंटिलेटर रिकामा आहे का?

तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं सरकारी नोंदीचं कार्ड) आणि पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी सोबत हवीच, आठवडे त्या सोनोग्राफीवरूनच नीट कळतात. माहेर चंदगडला असेल तर सातव्यात जाताना फाईल सासरी ठेवून जाऊ नका.

बाळ काचेच्या पेटीत असलं तरी पहिल्या काही तासांतच हाताने चीक काढायला सुरुवात करा. कसा काढायचा ते नर्स दाखवते. थेंबभर निघाला तरी द्या.