कोंबड्यांचं खाद्य महाग पडतंय? आधी या चुका टाळा

पाच-सहा कोंबड्या असतात तेव्हा खाद्याचा हिशोब कुणी ठेवत नाही. ओंजळभर दाणे टाकले की भागतं. तीच संख्या पन्नास-साठवर गेली की पोतं कधी उघडलं आणि कधी संपलं, कळत नाही. अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. ६० कोंबड्यांना रोजचे जवळजवळ ७ किलो, महिन्याला २०० किलोंच्या वर. कोंबडीपालनाच्या एकूण खर्चात खाद्याचा वाटा ६० ते ७० टक्के असतो, म्हणून काटकसर इथूनच सुरू व्हावी हे बरोबर आहे. पण बहुतेक जण सुरुवात करतात ती स्वस्त पोतं शोधण्यापासून, आणि तिथेच घोळ होतो. माझं मत आता पक्कं झालं आहे: आधी वाया जाणारं थांबवा, मग खाणारी तोंडं मोजा, आणि खाद्य बदलायचा विचार सगळ्यात शेवटी करा.

लेअर खाद्यात मका ढकलणं

ही चूक घरोघरी दिसते. लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, महाग, मका स्वस्त, मग निम्मं-निम्मं मिसळायचं. पोतं दुप्पट दिवस पुरतं आणि पहिले काही दिवस सगळं ठीक वाटतं, कारण कोंबडी अंगातला साठा वापरून अंडी देत राहते. नंतर आकडा घसरू लागतो.

लेअर खाद्यात साधारण १७ टक्के प्रथिनं असतात, मक्यात ८ ते ९ टक्के. निम्म्या मिश्रणात ती १३ टक्क्यांच्या आसपास येतात. दिवसाच्या ११५ ग्रॅममधून कोंबडीला साडेएकोणीस ग्रॅम प्रथिनं मिळत होती, ती आता पंधरावर आली. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम प्रथिनं जातात. ती कमी पडली की कोंबडी आधी स्वतःचं अंग राखते, अंडं मागे पडतं. कॅल्शियमचंही तसंच. लेअर खाद्यात ते साडेतीन ते चार टक्के असतं आणि मक्यात जवळपास नसतंच, त्यामुळे कवचं पातळ पडतात. पुढे एकमेकींची पिसं उपटणं सुरू होतं.

आता हिशोब मांडून बघा. ६० कोंबड्या रोज ६.९ किलो खातात आणि ४२ अंडी देतात, म्हणजे एका अंड्यामागे १६४ ग्रॅम खाद्य. मका मिसळून खाद्य २० टक्क्यांनी स्वस्त झालं, पण अंडी ३० वर आली, तर एका अंड्यामागे २३० ग्रॅम लागतात. २० टक्के स्वस्त धरूनही ते जुन्या खाद्याच्या १८४ ग्रॅमइतकं पडतं. पोतं स्वस्त झालं, अंडं मात्र महागलं. म्हणून वहीत पोत्याचा भाव लिहून थांबू नका. रोजचं खाद्य आणि रोजची अंडी शेजारी-शेजारी लिहा आणि आठवड्याला भागाकार करा. धान्य द्यायचंच असेल तर संध्याकाळी मूठभर पसरून द्या, एकूण खाद्याच्या दहाव्या भागाच्या आत.

घरी खाद्य बनवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी आवर्जून सांगतो. कच्चं सोयाबीन देऊ नका. त्यातला एक घटक प्रथिनांचं पचन अडवतो, तो नीट भाजल्यावर किंवा उकडल्यावरच निकामी होतो. आणि जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण थेट ढिगावर उधळू नका. ते इतकं थोडं असतं की एका कोंबडीला चिमूटभर जास्त जातं आणि दुसरीला काहीच नाही. आधी ते किलोभर पिठात कालवा, ते पीठ पाच किलोंत, आणि मग पूर्ण घाण्यात.

भांडं काठोकाठ भरणं

सकाळी एकदाच भांडी गच्च भरायची आणि दिवसभर बघायचं नाही, यासारखं नुकसान दुसरं नाही. कोंबडी चोचीने खाद्य बाजूला सारत खाते. भरड दाणा शोधताना मान झटकते आणि बारीक खाद्य कडेवरून खाली उडतं. खाली ते विष्ठेत मिसळलं की संपलं.

किती जातं हे डोळ्यांनी कळत नाही, मोजूनच कळतं. एक दिवस भांड्याखाली जुनी ताडपत्री किंवा रुंद परात ठेवा. संध्याकाळी त्यावर पडलेलं चाळणीने चाळा, पिसं आणि विष्ठा वेगळी काढा आणि उरलेलं तागडीत घाला. समजा अर्धा किलो निघालं. वर्षाला ते १८० किलोंच्या वर जातं, म्हणजे सगळ्या कोंबड्यांचं २६ दिवसांचं खाणं.

उपाय साधे आहेत. भांडं निम्म्याच्या आत भरा, शक्यतो तिसरा हिस्साच, आणि दिवसातून दोनदा घाला. कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला यायला हवी. मान थोडी वर करून खाल्लं की उकरणं आपोआप थांबतं. पिल्लं वाढतील तसं भांडं वर घ्यायचं हे अनेकांच्या लक्षातच राहत नाही. कडेला आत वळलेली ओठासारखी पट्टी असेल तर आणखी बरं.

भांड्याच्या तळाशी राहणारी भुकटी बरेच जण शिळी समजून झटकून टाकतात. ते करू नका. भरड मक्याचे तुकडे कोंबड्या आधी वेचतात, तळाला राहतं ते सोयापेंडीचं पीठ, खनिजं आणि जीवनसत्त्वं, म्हणजे पोत्यातला सगळ्यात महागाचा भाग. दुपारी भांडं पूर्ण रिकामं होऊ द्या. तरीही भुकटी राहिली तर थोडं पाणी शिंपडून ओला गोळा करून द्या, कोंबड्या तुटून पडतात. एवढंच की ओलं खाद्य त्याच दिवशी संपलं पाहिजे, नाहीतर आंबून बुरशी धरतं.

रात्री खाद्य तसंच ठेवणं

कोंबडी अंधारात खात नाही. संध्याकाळी ती दांडीवर चढली की भांड्यात उरलेलं खाद्य दुसऱ्या कुणाचं तरी असतं. एकदा रात्री दहाच्या सुमाराला टॉर्च घेऊन खुराड्याशी जा आणि दारात दोन मिनिटं शांत उभे राहा. टॉर्च लावल्यावर भांड्यावरून उड्या पडताना दिसल्या तर तुमचा खर्च कुठे जातोय ते कळलं. एक मोठा उंदीर रात्रीत २५ ते ३० ग्रॅम खातो. वीस उंदरांचे झाले अर्धा किलो, आणि लेंड्या-मुताने नासवतात ते वेगळंच.

संध्याकाळी भांडी उचलून झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवा. प्लास्टिकचा डबा उंदीर कुरतडतात. खुराड्याभोवती बोटाच्या पेराएवढी जाळी मारली असेल तर ती बदला, उंदराच्या पिल्लाला तेवढी वाट पुरते. दिवसा चिमण्या आणि कबुतरं खात असतील तर भांडी आत, छताखाली घ्या.

स्वस्तात मिळालं म्हणून तीन महिन्यांचं भरून ठेवणं

दळलेलं खाद्य जसं जुनं होतं तशी त्यातली जीवनसत्त्वं घटतात आणि तेल खवट होतं. महिना-दीड महिन्यात संपेल एवढंच आणा. पोती थेट फरशीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली फळ्या घाला. हाताला ढेकळं लागली, कुबट वास आला, तर ते खाद्य चाळून, उन्हात वाळवून वापरू नका. बुरशी झटकली तरी तिचं विष दाण्यात राहतं. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. कारण शोधताना बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड सापडली आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळलं. थोड्या प्रमाणातही ते कोंबडीचं यकृत खराब करतं. असं पोतं फेकताना जीव तुटतो, पण फेकायचंच.

मोड, अझोला आणि खरकटं यांवर भरवसा टाकणं

मोड आणून एक किलो धान्यातून सहा किलो हिरवा चारा, हे ऐकायला छान वाटतं. पण वाढलेलं वजन पाण्याचं असतं. कोरडा भाग उलट थोडा घटतो, कारण रोप वाढताना दाण्यातलाच साठा जाळतं. अझोल्याचंही, म्हणजे पाण्यावर तरंगत वाढणाऱ्या त्या हिरव्या वनस्पतीचंही, तेच. वाळवलेल्या अझोल्यात २० टक्क्यांच्या वर प्रथिनं असतात हे खरं, पण ताज्या १०० ग्रॅममध्ये कोरडा भाग पाच ते सात ग्रॅम, म्हणजे प्रथिनं जेमतेम दीड ग्रॅम. हिरवं जरूर द्या. बलक गडद होतो आणि कोंबड्या रमतात. मात्र त्यापायी मुख्य खाद्य निम्मं करू नका. जागा असेल तर मोकळं सोडणं जास्त कामाचं आहे, किडे आणि गवताचं बी त्या स्वतः शोधतात.

खरकट्यात मीठ आणि तेल किती आहे ते बघा. बुरशीचा पाव, हिरवट बटाट्याची सालं आणि कच्च्या राजम्यासारख्या शेंगा पूर्ण वर्ज्य.

न देणाऱ्या तोंडांना मोजायचं राहून जाणं

हा मुद्दा मनाला जड जातो, आणि म्हणूनच टाळला जातो. फक्त खायची अंडी हवी असतील तर कोंबड्याची गरजच नाही. पिल्लं काढायची असतील तर दहा कोंबड्यांमागे एक पुरतो. जास्तीचे पाच कोंबडे महिन्याला १८ किलोंच्या वर खातात.

कोंबडी अंड्यावर आहे का, हे हाताने कळतं. संध्याकाळी तिला दांडीवरून अलगद काखेत घ्या. शेपटीखाली, अंडं येण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं सहज बसली, अंडं येण्याची जागा रुंद आणि ओलसर असली, तुरा लाल-मऊ असला, तर ती देतेय. एक बोटही कसंबसं मावलं, जागा आवळलेली, कोरडी आणि तुरा फिका, तर ती बंद आहे. पण लगेच निकाल लावू नका. खुडूक (अंडी उबवायला बसलेली) असेल, पिसं गाळत असेल तर महिना-दोन महिन्यांनी परत सुरू होईल. पायात रंगीत कडी घाला आणि महिन्याने पुन्हा तपासा. दोन्ही वेळा बंद असेल आणि वय तीन वर्षांच्या पुढे असेल, तर तिला ठेवायचं की नाही ते मन घट्ट करून ठरवा.

खाद्य तेवढंच, अंडी अचानक कमी

अशा वेळी पोतं बदलू नका, आधी पाणी बघा. कोंबडी खाद्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. एक दिवस भांडं कोरडं राहिलं तर पुढचे कित्येक दिवस अंडी कमी येतात. नंतर उजेड: दिवस लहान झाला की अंडी घटतात, ती चौदा तासांच्या उजेडावर सावरतात.

मग रात्री दांडीच्या खालच्या बाजूने आणि फटींमधून पांढरं फडकं फिरवा. त्यावर लाल ओघळ उमटले तर रक्त पिणाऱ्या लाल गोचिड्या आहेत, तुमचं खाद्य त्यांच्या पोटात जातंय. विष्ठेत जंत दिसले किंवा खाऊनही छातीचं हाड हाताला टोचू लागलं तर पशुवैद्यकाकडून विष्ठा तपासून घ्या आणि औषध त्यांच्या सांगण्यानेच द्या.

यातलं काहीच नसेल आणि कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरत असतील, तर त्या बाहेर कुठे तरी घालत असतील. तीन-चार दिवस त्यांना दुपारपर्यंत खुराड्यातच ठेवा, बहुतेक अंडी तोवर घालून होतात. आकडा पूर्वीइतका आला तर खाद्य आहे तेच चालू द्या, आणि कुंपणाकडेचं गवत, लाकडांच्या ढिगामागची जागा शोधून काढा.